घरातलं जुनं चित्र ऑक्शन हाऊसला दाखवायचंय? गोव्यातून नेहमी येणारे प्रश्न

फोंड्याला आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे. जुनी चित्रं नव्या काचेत बसवायला लोक आणतात आणि माप घेऊन होईपर्यंत प्रश्न येतोच, "याचे किती येतील हो?" मी किंमत सांगत नाही, ते माझं काम नाही, पण गिऱ्हाइकांची चित्रं पॅक करणं, मुंबईला पाठवणं, कागद जुळवणं हे करता करता ऑक्शन हाऊसवाल्यांची पद्धत बऱ्यापैकी कळलीय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

ऑक्शन हाऊस फुकटात किंमत सांगतं, हे खरं का?

हो, बहुतेक ठिकाणी खरं. मुंबईत सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू ही आपली भारतीय, शिवाय क्रिस्टीज आणि सदबीज ही परदेशी, सगळ्यांच्या वेबसाइटवर चित्राचे फोटो पाठवायची सोय असते आणि त्यांना रस वाटला तर अंदाजे आकडा कळवतात. आता फुकट का, तर त्यांना ते चित्र विकायला हवं असतं म्हणून. म्हणजे तो आकडा "आमच्या पुढच्या लिलावात हे साधारण एवढ्याला जाईल" असा विकणाऱ्याने बांधलेला अंदाज असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त तो कशासाठी दिलाय हे डोक्यात असू द्या. आणि विकायचं मनात नसेल तर तसं आधीच सांगून टाका, उगीच कुणाचा वेळ घेऊ नये.

मग हाच आकडा इन्शुरन्सला किंवा घराच्या वाटण्यांना चालतो का?

नाही चालत, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

एकाच चित्राच्या दोन-तीन वेगवेगळ्या किमती असू शकतात आणि सगळ्या बरोबर असतात. लिलावाचा अंदाज मुद्दाम थोडा खाली ठेवतात, कारण आकडा बघून गिऱ्हाईक पळायला नको, बोली लावणारे चार जण जमायला हवेत. इन्शुरन्सची किंमत वर असते, कारण चित्र जळलं-चोरीला गेलं तर तसंच दुसरं गॅलरीतून आणायला काय पडेल ते बघायचं असतं. वाटण्यांसाठी किंवा टॅक्ससाठी लागते ती ठराविक तारखेची बाजारभावाची किंमत. शेवटच्या दोन्हींसाठी सही-शिक्क्याचा लेखी रिपोर्ट लागतो, त्याला फी पडते. इन्कम टॅक्स खात्याकडे नोंद असलेले व्हॅल्युअर असतात, त्यांच्यात कलाकृतींचा वेगळा वर्ग आहे, जमिनीचा व्हॅल्युअर चालत नाही. फी चित्राच्या किमतीच्या टक्क्यात मागणाऱ्यापासून जरा लांबच राहा, जितका आकडा मोठा तितके त्याला पैसे जास्त, मग तो कमी कशाला सांगेल? तासाप्रमाणे नाहीतर चित्रामागे ठरवलेली फी बरी.

म्हणून मी दुकानात आधी उलट विचारतो, किंमत कशाला हवीय? यावर उत्तर नसेल तर चित्र परत भिंतीवर लावा, काही बिघडत नाही.

एस्टिमेट, रिझर्व्ह, हॅमर हे काय असतं?

एस्टिमेट म्हणजे खालचा आणि वरचा असे दोन आकडे, कॅटलॉगमध्ये छापतात. रिझर्व्ह म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही असं तुमच्यात आणि त्यांच्यात ठरलेलं, ते गुपित असतं आणि सहसा खालच्या एस्टिमेटएवढं किंवा त्याहून कमी. हॅमर म्हणजे शेवटची बोली.

पेपरात "अमुक कोटीला विकलं" असं येतं ना, त्यात बहुतेक वेळा बायर्स प्रीमियम धरलेला असतो, म्हणजे घेणाऱ्याने हॅमरच्या वर ऑक्शन हाऊसला दिलेले पैसे, साधारण २० टक्क्यांच्या आसपास. तुमच्या हातात हॅमरमधून तुमचं कमिशन वजा होऊन येतं. समजा हॅमर १० लाखांवर पडला, घेणाऱ्याने १२ लाख आणि वर जीएसटी दिला, तुमचं कमिशन १० टक्के ठरलं असेल तर तुम्हाला ९ लाख. कमिशनवर बोलणी होतात हं, चित्र चांगलं असेल तर जरूर करा. शिवाय फोटोचे, इन्शुरन्सचे, ने-आणीचे पैसे कोण देणार आणि मध्येच चित्र मागे घेतलं तर दंड किती, हे कराराच्या आत बारीक अक्षरात असतं तेही वाचा.

फोटो कसे काढून पाठवायचे?

अंगणात नाहीतर पडवीत, सावलीत, सकाळच्या उजेडात. फ्लॅश नको. समोरून सरळ एक, सहीचा जवळून, जिथे भेग, डाग, बुरशी आहे तिथला जवळून (लपवू नका, ते शेवटी कळतंच), आणि मागची बाजू. मागची बाजू पाठवायला लोक हमखास विसरतात आणि तिकडचे लोक आधी तीच मागतात. कॅनव्हास ताणलेली लाकडी चौकट, तिच्यावरचे खिळे, गॅलरीचं लेबल, प्रदर्शनाचा नंबर, फ्रेम करणाऱ्या दुकानाचा स्टिकर, कुणी पेन्सिलीने खरडलेलं काही, हे सगळं मागे असतं. काही चित्रकार तर सहीच मागे करायचे, वासुदेव गायतोंडेंची बरीचशी कॅनव्हास तशी आहेत, पुढून बघाल तर कुणाचं आहे पत्ताच लागणार नाही.

माप सेंटीमीटरमध्ये, फ्रेम सोडून. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आवळला जातो आणि सही धूसर दिसते. ईमेल बरा. आणि चित्र काचेला चिकटलेलं असेल तर ओढून काढू नका, काचेसकट फोटो चालतो.

दाखवायच्या आधी जरा साफसूफ करून घेऊ का?

नको. प्लीज नको.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, कागदावर तपकिरी ठिपके येतात, काचेच्या आत बुरशी धरते, मागच्या प्लायला वाळवी लागते, कसर कडा खाते, हे सगळं ऑक्शनवाल्यांना माहीत आहे आणि त्याचा हिशोब धरूनच ते आकडा सांगतात. पण ओल्या फडक्याने पुसून गेलेला रंग, चकाकी यावी म्हणून लावलेलं खोबरेल, हार्डवेअरच्या दुकानातलं वॉर्निश, फाटलं तिथे मागून सेलोटेप किंवा फेविकॉल, याला उपाय नसतो किंवा असला तर चित्रापेक्षा महाग पडतो. लॅमिनेट करून आणलेलं वॉटरकलरही बघितलंय मी. ते गेलं.

कोरड्या, मऊ ब्रशने फ्रेमवरची धूळ झटका, तेवढंच. खरंच रिपेअर लागत असेल तर ऑक्शन हाऊसलाच विचारा, ते कन्झर्व्हेटर, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणारा जाणकार, सुचवतात, आणि पुष्कळदा सांगतात की आहे तसंच राहू द्या, घेणारा त्याच्या पद्धतीने करून घेईल. आणि फ्रेमवाल्याकडे, म्हणजे माझ्यासारख्याकडे, दिलंत तर जुनं बॅकिंग, म्हणजे फ्रेमच्या मागचा पुठ्ठा किंवा प्लाय, फेकू देऊ नका. ते परत मागून घ्या. लेबल त्याच्यावर असतं.

सही आहे, पण बिल-बिल काही नाही. आजोबांना स्वतः चित्रकाराने दिलं होतं.

सहीवर कुणी विश्वास ठेवत नाही हे आधी पचवा. सही करणं सगळ्यात सोपं. चित्रकार एफ. एन. सूझांच्या नावाची खोटी चित्रं बाजारात किती फिरतात ते त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

त्यांना हवा असतो चित्राचा प्रवास: चित्रकाराकडून निघून तुमच्या भिंतीपर्यंत कोणाकोणाच्या हातून आलं. बिल नसेल तर बाकीच्या गोष्टी शोधा. आजोबांचं पत्र, चित्रकाराचं उत्तर, प्रदर्शनाचं आमंत्रण, आणि सगळ्यात भारी म्हणजे घरातला जुना फोटो ज्यात मागे भिंतीवर ते चित्र दिसतंय. मुंजीचा, लग्नाचा, चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली सगळे बसलेत असा. आल्बममध्ये तारीख असते, नाहीतर बायकांच्या साड्यांवरून आणि पोरांच्या वयावरून वर्ष काढता येतं, मी स्वतः एका गिऱ्हाइकाला असा फोटो शोधायला लावला आणि त्यानंतरच तिकडून नीट उत्तर आलं. घरात कुणी नव्वदीचं माणूस असेल आणि त्यांना आठवत असेल तर आत्ताच कागदावर लिहून त्यांची सही घ्या, तारीख घाला. हा काही पक्का पुरावा नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

"आजोबा जेजेत होते, ओळख होती" एवढं पुरत नाही. मुंबईच्या त्या जेजे कलाशाळेत हजारो लोक होते.

आमच्याकडे रविवर्म्याची ओरिजिनल लक्ष्मी आहे.

बहुतेक नाहीये. ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र, असणार. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथून देवादिकांची चित्रं घराघरात पोचली, गोव्यातल्या हिंदू घरांच्या देवखोल्यांतसुद्धा. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वर वॉर्निश आणि खरखरीतपणा दिलेला असतो त्यामुळे फसायला होतं. भिंग घेऊन बघा, रंग ठिपक्या-ठिपक्यांचे दिसले तर छपाई. खालच्या कडेला प्रेसचं नावही असतं, पण फ्रेम करताना ते पुष्कळदा कापलेलं असतं.

म्हणून टाकाऊ नव्हे हं. जुन्या, चांगल्या राहिलेल्या, विशेषतः जरी-टिकल्यांनी सजवलेल्या ओलिओग्राफना गिऱ्हाईक आहे. फक्त कोटींचा विचार डोक्यातून काढा.

मारिओ, दलाल, मुळगावकर?

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचे प्रिंट, टाइल्स, कप गोव्यात सगळीकडे मिळतात, त्यांची किंमत दुकानातली. ओरिजिनल म्हणजे कागदावरची शाई, तिरकं धरलं तर शाईचा थर आणि खालची पेन्सिल दिसते, कुठे सफेद्याने दुरुस्ती केलेली असते.

दीनानाथ दलाल मडगावचे. त्यांचं छापलेलं मुखपृष्ठ किंवा दिवाळी अंक रद्दीवाल्याकडे नाहीतर जुनी पुस्तकं जमवणाऱ्याकडे जाईल, पण ज्या वॉटरकलरवरून मुखपृष्ठ छापलं ते मूळ चित्र कुणाकडे निघालं तर जरूर दाखवा. मुळगावकरांच्या कॅलेंडरांचं तेच.

सूझांचं एक चित्र कोटीत जातं आणि दुसऱ्याला लाखही मुश्किलीने, असं कसं?

चित्रकाराच्या नावाला सरसकट भाव नसतो. कोणतं साल, कशावर काढलंय, केवढं आणि विषय काय, हे बघतात. साळगावला १९२४ मध्ये जन्मलेले सूझा १९४९ ला लंडनला गेले, तिथली ५० च्या दशकातली आणि ६० च्या दशकाच्या सुरुवातीची तैलचित्रं सगळ्यात मागणीची. १९५५ चं 'बर्थ' क्रिस्टीजमध्ये २०१५ ला ४० लाख डॉलरच्या वर गेलं. त्याच माणसाची पुढच्या काळातली कागदावरची छोटी रेखाटनं ढिगाने आहेत, ती कुठे त्या भावाला जाणार? गायतोंडेंचं उलट. त्यांनी काढलंच कमी, सावकाश काढायचे, त्यामुळे चांगलं कॅनव्हास बाजारात आलं की झुंबड उडते, २०२१ मध्ये १९६१ चं एक सॅफ्रनआर्टला जवळपास ४० कोटींना गेलं.

लक्ष्मण पै, वामन नावेलकर यांची चित्रं गोव्यात घरोघरी असण्याची शक्यता जास्त, कारण दोघंही शेवटपर्यंत इथे होते. तुलना करायला ऑक्शन हाऊसच्या वेबसाइटवर जुन्या लिलावांचे निकाल असतात. बघताना न विकलेले लॉटही बघा, नुसते विकलेले बघून हुरळून जायला होतं.

आणि लिलावात फारसं न येणारं सगळं हलकं असतं असंही नाही. आंजेलो फोन्सेकांची साडीतली मरिया बघायची तर पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये जा, सांग्याच्या त्रिंदादांची चित्रं पणजीत फुंदासांव ओरिएंतमध्ये. असं काही घरात निघालं तर ऑक्शन हाऊसच्या आधी तिथल्या जाणकारांशी बोलावं असं माझं मत. किंमत नाही सांगणार ते, पण तुमच्याकडे काय आहे ते कळेल.

जुनी लाकडी किंवा हस्तिदंती मूर्ती आहे, ती पण दाखवू का?

हस्तिदंत विसरा. कितीही जुना असो, पणजोबांचा असो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री बंद आहे. घरात ठेवण्यासाठी मालकीचा दाखला लागतो, त्याबद्दल वनखात्यात विचारा, फेसबुकवर फोटो टाकून नव्हे.

लाकडी, दगडी, धातूची मूर्ती किंवा कुठलीही कलाकृती १०० वर्षांच्या वरची असेल तर ती पुरावस्तू ठरते, त्याचा वेगळा कायदा आहे, तोही १९७२ चाच. देशात विकता येते, पण ठराविक प्रकारांची नोंदणी लागते, मालक बदलला की कळवावं लागतं आणि धंदा करणाऱ्याकडे लायसन्स लागतं. जुन्या गोव्याला पुरातत्त्व सर्वेक्षणाचं गोवा सर्कलचं ऑफिस आहे, तिथून सुरुवात करा. देवळातलं किंवा इगर्जीतलं (चर्चमधलं) काही "घरी आलेलं" असेल तर विकायच्या भानगडीत पडूच नका.

भाऊ लिस्बनला असतो, तो म्हणतो चित्र घेऊन ये, इथे जास्त भाव मिळेल.

१०० वर्षांच्या वरचं असेल तर देशाबाहेर जाणार नाही, संपला विषय. त्याशिवाय नऊ चित्रकारांची चित्रं कितीही सालची असोत, बाहेर नेता येत नाहीत: रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे तिघे टागोर, निकोलस रोरिक, शैलोज मुखर्जी. सूझा, गायतोंडे, पै यांची जाऊ शकतात, पण दिसायला जुनं असलं तर कस्टमवाले अडवतात, तेव्हा ते पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी काढून ठेवायचा. सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून नेणाऱ्यांना एवढंच सांगेन की दाबोळी आणि मोपा, दोन्ही विमानतळांवर स्कॅनर आहेत.

चित्र वडिलांचं, आम्ही पाच भावंडं. मी एकट्याने दाखवलं तर?

दाखवायला हरकत नाही, विकायला आहे. ऑक्शन हाऊसच्या करारात तुम्ही लिहून देता की मी मालक आहे आणि यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. ते खोटं ठरलं तर सगळं तुमच्यावर येतं. जमिनीच्या कागदावर सुनेची-जावयाची सही का लागते हे गोव्यात कुणाला समजवायला नको, पोर्तुगीज काळापासून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि २०१२ चा गोव्याचा वारसा कायदाही त्याच वाटेने जातो. तेव्हा वारसांचं डीड झालेलं असेल तर उत्तम, नसेल तर निदान सगळ्यांची लेखी संमती घ्या, जोडीदारांसकट. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण, कोर्टात चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय चित्र घराबाहेर काढू नका.

खरं सांगू, चित्राच्या आकड्यापेक्षा यातच जास्त चित्रं अडकून पडतात. आकडा कळेपर्यंत ते कुणाला नको असतं, माळ्यावर कुजत असतं, आणि आकडा कळला की दुबईच्या भावालाही बाबांची आठवण येते. म्हणून दाखवायच्या आधीच सगळ्यांना सांगा.

टॅक्स लागतो का?

वारशाने मिळालं त्यावर नाही. विकल्यावर मात्र फायद्यावर लागतो, चित्र म्हणजे घरातली वापरायची वस्तू असं म्हणून सुटता येत नाही. दोन वर्षांच्या वर घरात असेल, आणि वडिलांची वर्षंही त्यात धरतात, तर लाँग टर्म, सध्या साडेबारा टक्के. २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत खरेदी म्हणून धरता येते, आणि त्यासाठी तो वर म्हटलेला नोंदणीकृत व्हॅल्युअर लागतो. बाकी सीएला विचारा.

दारावर माणूस आलाय, रोख देतोय.

जुन्या खुर्च्या, चिनी मातीची भांडी, आरसे घ्यायला येतात तेच. खुर्चीचं मोल करता करता सहज म्हणतात, "हे फोटोफ्रेम पण द्या सोबत." नका देऊ. घाई आहे म्हणून सांगत असेल तर नक्कीच नको. तसंच व्हॉट्सअॅपवर कुणी "परदेशी गिऱ्हाईक तयार आहे, फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" म्हणालं तर नंबर ब्लॉक करा.

त्यांनी नाही म्हटलं तर, किंवा लिलावात विकलंच गेलं नाही तर?

नाही म्हणण्याची कारणं पुष्कळ, आणि ते ती सांगत नाहीत. चित्र खोटं आहे असंही तोंडावर म्हणत नाहीत, "सध्या आमच्या सेलमध्ये बसत नाही" असं गोड उत्तर येतं. ते खरंही असू शकतं, कारण लहान किमतीचं काम त्यांना परवडत नाही. दुसऱ्या ठिकाणी दाखवा. दोन्हीकडून तेच आलं तर समजून घ्या.

लिलावात न विकलेलं चित्र मात्र थोडं डागाळतं. तो निकाल इंटरनेटवर राहतो आणि पुढचा घेणारा तो बघूनच भाव पाडतो. म्हणून चढ्या रिझर्व्हसाठी हट्ट करू नका. जो तुम्हाला सगळ्यात मोठा आकडा सांगतो त्याच्याकडेच पळत जाऊ नका, काही जण चित्र मिळवण्यासाठी आकडा फुगवतात आणि सेलच्या तोंडावर रिझर्व्ह खाली आणायला फोन करतात.

कधी पाठवू?

भर पावसात नको. कुरिअरच्या गोडाऊनमध्ये दोन दिवस पडलं तरी कागद लाटा घेतो. पण न्यूयॉर्कचे मोठे भारतीय सेल मार्च आणि सप्टेंबरला असतात, मुंबईचेही बरेच याच सुमाराला, आणि कॅटलॉग काही महिने आधी बंद होतो. तेव्हा फोटो आणि कागद पावसातच पाठवून बोलणी उरकायची, आणि चित्र चवथीनंतर, लाकडी क्रेटमध्ये, काचेवर आडव्या-तिडव्या टेपच्या पट्ट्या मारून. टेप काचेवर मारायची हं, फ्रेमवर नाही, सोनेरी मुलामा टेपसोबत निघून येतो.